चरबीची गाठ काढायची, पण नेमकी कोणाकडून?

आंघोळ करताना दंडावर किंवा पाठीवर काहीतरी मऊ हाताला लागतं. फॅमिली डॉक्टर दाबून बघतात आणि म्हणतात, ‘चरबीची गाठ आहे. त्रास नसेल तर राहू द्या, नको असेल तर कुणाकडून तरी काढून घ्या.’ सगळी मेख त्या ‘कुणाकडून तरी’मध्ये आहे. त्वचारोगतज्ज्ञ, जनरल सर्जन, प्लास्टिक सर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ, हाताचे सर्जन, कॅन्सर सर्जन हे सगळेच अशा गाठी काढतात. बरेच जण ओळखीतलं एखादं नाव धरतात, किंवा व्रण बारीक यावा म्हणून थेट प्लास्टिक सर्जनकडे जातात. खरं तर डॉक्टर ठरतो तो तीन गोष्टींवरून: गाठ किती खोल आहे, तिच्या शेजारून काय जातं आणि ती चरबीचीच आहे याची खात्री किती. व्रणाचा विचार त्यानंतर.

आधी हाताने ओळख

चरबीच्या गाठीला वैद्यकीय भाषेत लायपोमा म्हणतात. जुन्या बोलीत तिला आवाळू म्हणत, पण त्या शब्दात इतरही गाठी मोडतात, म्हणून इथे तो टाळू. लायपोमा म्हणजे साध्या, पूर्ण वाढलेल्या चरबीच्या पेशींचा गोळा, भोवती पातळ पापुद्रा. तो बहुतेक वेळा कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या थरात असतो. ४० ते ६० या वयात जास्त दिसतो, वर्षानुवर्षं तेवढाच राहतो किंवा अगदी सावकाश वाढतो. वजन घटवलं तरी तो विरघळत नाही; आजूबाजूची चरबी उतरल्यामुळे उलट जास्त उठून दिसतो. मालिश, शेक, लेप यांनीही तो जात नाही.

गाठीच्या कडेवर बोट दाबा. लायपोमा बोटाखालून सटकतो आणि वरची कातडी त्याच्यावरून मोकळी सरकते. कातडी गाठीला चिकटलेली असेल आणि मधोमध बारीक काळा ठिपका असेल, तर ती बहुधा चरबीची गाठ नसून सिस्ट, म्हणजे कातडीच्याच आवरणाची पिशवी असते. आत चीजसारखा, वास मारणारा ऐवज असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सिस्ट काढताना ठिपक्याच्या जागची थोडी कातडी आणि पिशवी अख्खी काढावी लागते, आणि ती पिकली असेल तर आधी पू काढून, सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी मूळ शस्त्रक्रिया करतात. लायपोमात कातडी कापून टाकायची सहसा गरजच नसते.

दुसरी चाचणी खोलीची. गाठ दंडावर असेल तर हात कोपरात वाकवून, दुसऱ्याने मनगट खाली ओढत असताना जोर लावा, म्हणजे स्नायू ताठ होईल. गाठ तरीही मोकळी हलली आणि जास्त स्पष्ट दिसली तर ती स्नायूच्या वर आहे. ताठ केल्यावर ती जागच्या जागी घट्ट बसली तर स्नायूत आहे, दिसेनाशी झाली तर स्नायूच्या खाली. एक मिनिटाची ही चाचणी अनेकदा डॉक्टरचं दालन ठरवते. वरची गाठ साध्या ऑपरेशन रूममध्ये निघते. आतल्या गाठीसाठी वेगळी तयारी आणि बहुतेकदा वेगळा माणूस लागतो.

काही गाठी चरबीच्या भासतात, पण नसतात. जांघेतली गाठ खोकल्यावर फुगत असेल आणि झोपल्यावर आत जात असेल, तर तो हर्निया. गाठीत नाडीसारखे ठोके जाणवत असतील तर तिला कुणीही सुई लावायच्या आधी रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. आणि एक फसवी गाठ नसेवरची (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे): ती हातापायाच्या आडव्या दिशेने हलते, उभ्या दिशेने हलत नाही, आणि तिच्यावर टिचकी मारली की पुढे बोटांपर्यंत मुंग्या जातात. ही ‘लायपोमा’ समजून उपटली तर नसच कापली जाते. टिचकीला मुंग्या येत असतील तर तसं डॉक्टरला आपणहून सांगा. घाईच्या तपासणीत ही गोष्ट निसटते.

लायपोमा सहसा दुखत नाही. तरुण माणसाच्या पुढच्या हातावर अनेक छोट्या, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी असतील तर तो बहुधा अँजिओलायपोमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या मिसळलेली चरबीची गाठ. तीही निरुपद्रवीच, फक्त काढताना जरा जास्त रक्त येतं.

वरची, छोटी गाठ

कातडीच्या लगेच खाली, ३ ते ४ सेंमीपर्यंतची, मोकळी हलणारी गाठ धड, दंड किंवा मांडीवर असेल तर जनरल सर्जन हे सरळ उत्तर. छोट्या शस्त्रक्रिया नियमित करणारे त्वचारोगतज्ज्ञही ती तितक्याच चांगल्या काढतात. मात्र सगळेच त्वचारोगतज्ज्ञ सुरी हातात धरत नाहीत, त्यामुळे ‘तुम्ही स्वतः काढता का, महिन्याला साधारण किती?’ हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारावं.

पाठीवरच्या २ सेंमीच्या गाठीसाठी प्लास्टिक सर्जन शोधणं आमच्या मते अनाठायी आहे. पाठीची कातडी जाड असते आणि प्रत्येक हालचालीला ताणली जाते, त्यामुळे तिथला व्रण कुणाच्याही हातून रुंदच होतो. हीच गोष्ट खांदा आणि छातीच्या मधल्या भागाची. तिथे वर उठणारा, लाल, खाजरा व्रणही जास्त येतो. ज्यांना पूर्वी केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारे फुगीर व्रण, झालेत त्यांनी या जागांवरची निरुपद्रवी गाठ केवळ दिसते म्हणून काढण्याआधी दोनदा विचार करावा. गाठीच्या जागी तिच्याहून ठसठशीत व्रण आला तर आगीतून फुफाट्यात. चेहरा, पापणी, मानेचा पुढचा भाग इथे मात्र प्लास्टिक सर्जनला पर्याय नाही, आणि पापणीजवळ असेल तर डोळ्यांच्या भोवतालची शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ.

मानेच्या मागच्या बाजूची आणि पाठीच्या वरच्या भागातली गाठ दिसायला सोपी, निघायला चिवट. दंडावरची गाठ छेद दिल्यावर दोन बोटांनी दाबली की पिकल्या फळातल्या बीसारखी बाहेर येते. मानेच्या मागे तंतूंचे दोर गाठीतून आरपार गेलेले असतात, आवरण नीट लागत नाही आणि दाबून काहीच येत नाही. ती तंतू कापत कापत सोडवावी लागते. त्वचारोगतज्ज्ञाच्या छोट्या खोलीत अर्ध्यावर अडकण्याची शक्यता इथे जास्त, म्हणून या जागेसाठी सर्जनच बरा.

कपाळ हे आणखी एक फसवं ठिकाण. कपाळावरची गोलसर, टणक वाटणारी, फारशी न हलणारी गाठ बऱ्याचदा कपाळाच्या स्नायूच्या खाली, हाडाला लागून असते. हे माहीत नसलेला डॉक्टर कातडी उघडतो, त्याला चरबीचा नेहमीचा थर दिसतो, गाठ काही दिसत नाही, आणि मग छेद मोठा होत जातो. माहीत असलेला डॉक्टर आधीच कपाळाच्या आठीत छेद आखतो, स्नायूचे तंतू त्यांच्याच दिशेने बाजूला करतो, नस सांभाळतो आणि खालून गाठ काढतो. ‘ही स्नायूच्या वर आहे की खाली?’ एवढा एक प्रश्न विचारला की समोरच्याला कपाळाच्या गाठींची सवय आहे की नाही ते लगेच कळतं.

जागाच डॉक्टर ठरवते तेव्हा

कानाच्या पुढे किंवा खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर गाठ असेल तर आधी ती पॅरोटिड या लाळग्रंथीची नाही हे बघावं लागतं. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून फांद्या फोडत जाते. इथे कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा डोकं-मान यांची शस्त्रक्रिया करणारा सर्जनच हवा, आणि सोनोग्राफीशिवाय छेद नको. मानेच्या बाजूच्या त्रिकोणात, कातडीपासून फारसं खोल नाही अशा ठिकाणी, खांदा उचलणारी नस जाते. तिला इजा झाली तर हात डोक्यावर नेणं अवघड होतं. मानेतली गाठ म्हणजे लसीका ग्रंथी किंवा थायरॉइडही असू शकते, म्हणून हात लावून झालेलं निदान इथे पुरत नाही.

हाताच्या तळव्यातली आणि मनगटाजवळची गाठ हाताच्या सर्जनकडे. तिथे नसा, धमन्या आणि बोटं हलवणाऱ्या दोऱ्या एकमेकींना चिकटून असतात. दंडाला आवळपट्टी बांधून रक्त थांबवून, भिंग लावून काम करावं लागतं. कोपराच्या थोडं खाली, पुढच्या हाताच्या वरच्या भागात, हाडाला लागून असलेली चरबीची गाठ मागच्या बाजूच्या नसेवर दाब देऊ शकते. लक्षण विचित्र असतं: मुठीत ताकद असते, पण बोटं सरळ उघडता येत नाहीत. असं होत असेल तर हे सौंदर्याचं ऑपरेशन राहत नाही. नसेची तपासणी करून ते लवकर व्हायला हवं.

स्तनातली गाठ, कितीही मऊ असली तरी, स्तनतज्ज्ञ सर्जनकडे. तपासणी, वयाप्रमाणे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा, या क्रमानेच. काखेतल्या गाठीलाही हाच नियम.

लहान मुलांच्या बाबतीत एक सक्त मनाई. बाळाच्या कंबरेच्या खाली, बरोबर मधोमध चरबीचा फुगवटा असेल, विशेषतः त्यावर केसांचा झुपका, खळी किंवा लाल डाग असेल, तर ती गाठ मणक्यातून आत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेलेली असू शकते. ती वरून काढणं म्हणजे पायांची ताकद आणि लघवीवरचा ताबा धोक्यात घालणं. आधी एमआरआय, मग मुलांचा न्यूरोसर्जन. नाकाच्या मुळाशी किंवा डोक्यावर मधल्या रेषेत असलेल्या गाठीचंही तसंच. तिचा धागा कवटीच्या आत गेला आहे का हे बघितल्याशिवाय सुई नको.

मोठी किंवा खोल गाठ

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर. लायपोमा कॅन्सरमध्ये बदलतो अशी भीती बाळगण्याचं कारण नाही. अडचण वेगळी आहे: चरबीचाच एक कॅन्सर, लायपोसार्कोमा, सुरुवातीला लायपोमासारखाच मऊ आणि न दुखणारा असतो. तो दुर्मीळ आहे, पण ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ५ सेंमीपेक्षा मोठी, वाढत असलेली, स्नायूवरच्या जाड पडद्याच्या खाली असलेली, दुखणारी, किंवा एकदा काढून परत आलेली. टेबल टेनिसचा चेंडू ४ सेंमीचा असतो. गाठ त्याच्याहून स्पष्ट मोठी वाटली तर पट्टी घेऊन मोजा. ५ सेंमी ओलांडलेल्या गाठीही बहुतांश निरुपद्रवीच निघतात, पण चित्र बघितल्याशिवाय त्या कापू नयेत.

पहिली तपासणी सोनोग्राफी. ती गाठ घन आहे की पाण्याची, पडद्याच्या वर आहे की खाली, आत रक्तपुरवठा किती, हे दाखवते. शंका उरली तर एमआरआय. साधा लायपोमा एमआरआयच्या प्रत्येक चित्रात कातडीखालच्या चरबीसारखाच दिसतो. गाठीच्या आतले पडदे २ मिमीपेक्षा जाड असतील किंवा मधे चरबी नसलेला गोळा दिसत असेल, तर पुढची पायरी जाड सुईने तुकडा घेण्याची. इथे एक चूक वारंवार होते: बारीक सुईने पेशी ओढायच्या आणि अहवाल येतो, ‘चरबीच्या पेशी’. चरबीच्या पेशी तर लायपोमा आणि लायपोसार्कोमा दोन्हींत असतात! बारीक सुईचा असा अहवाल मोठ्या, खोल गाठीत समाधान मानण्यासारखा नसतो. तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट एमडीएम२ या जनुकाची तपासणी करू शकतात. त्याच्या प्रती वाढलेल्या असतील तर ती गाठ साधी नाही.

अशी गाठ आधी सार्कोमा (चरबी, स्नायू, हाड अशा भागांचे कॅन्सर) बघणाऱ्या पथकाकडे जावी: हाडांच्या कॅन्सरचा सर्जन किंवा कॅन्सर सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र काम करणाऱ्या केंद्राकडे. कारण छेदाच्या दिशेत आहे. साधी गाठ काढताना छेद कातडीच्या घडीच्या दिशेने, म्हणजे दंड-मांडीवर बहुधा आडवा देतात. व्रण छान येतो. पण गाठ कॅन्सरची निघाली तर आधीचा सगळा मार्ग, व्रणासकट, पुन्हा काढावा लागतो. आडव्या छेदाने तो मार्ग हातापायाच्या रुंदीभर पसरतो, रक्त साचलं असेल तर पेशी त्याच्याबरोबर स्नायूंच्या फटींत जातात, आणि दुसरी शस्त्रक्रिया विनाकारण मोठी होते. म्हणून खोल गाठीवर छेद आणि बायोप्सीची सुईदेखील उभ्या दिशेने, पुढच्या ऑपरेशनच्या वाटेवर घालतात. मांडीतली खोल गाठ आणि पोटाच्या मागच्या पोकळीतली चरबीची गाठ या दोन्ही ठिकाणी ‘साधीच असेल’ हे गृहीत धरायचं नाही. पोटामागची तर अजिबात नाही.

भेटीत आणि टेबलावर

सर्जनला विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच. गाठ कोणत्या थरात आहे? भूल कोणती? छेद किती लांब? बाहेर काढलेला तुकडा तपासणीला पाठवणार ना? आणि आत काही वेगळं दिसलं तर थांबणार की काढणार? शेवटच्या प्रश्नाचं योग्य उत्तर आहे ‘थांबणार, छोटा तुकडा घेणार आणि आधी चित्र काढणार’. ‘बघू तेव्हा’ हे उत्तर मिळालं तर दुसरा सर्जन बघा.

रक्त पातळ करणारी गोळी, साखरेचा आजार, पेसमेकर, भुलीच्या औषधाची पूर्वी आलेली रिअॅक्शन हे सगळं आधीच सांगायचं. पेसमेकरचा संबंध रक्त थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाशी असतो. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका; छोट्या गाठीसाठी ती अनेकदा चालूच ठेवतात.

वरची गाठ जागा सुन्न करून काढतात. त्यासाठीच्या लिग्नोकेनला मर्यादा आहे: अॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ७ मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला ४२० मिग्रॅ, म्हणजे १ टक्क्याच्या औषधाचे ४२ मिली. अॅड्रेनलिन नसलेल्या औषधाची मर्यादा याहून बरीच कमी. छोट्या गाठीला १० मिलीच्या आत भागतं. तळहाताएवढ्या गाठीला, किंवा एका बैठकीत आठ-दहा गाठी काढायच्या असतील तेव्हा, ही मर्यादा जवळ येते. म्हणून मोठ्या गाठीला पूर्ण भूल सुचवली तर डॉक्टर उगाच मोठं करतोय असं समजू नये, आणि अनेक गाठी एकाच दिवशी उरकण्याचा हट्टही धरू नये.

इंजेक्शनच्या आधी सर्जन पेनाने गाठीची कड आखतो. ही खूण औषध घातल्यावर आखता येत नाही, कारण भोवतालची चरबी फुगते आणि मऊ गाठ हाताला लागेनाशी होते. खूण करताना तुम्ही जागे असाल तर ‘इथपर्यंत आहे’ असं बोट लावून सांगा. विशेषतः एकाहून जास्त गाठी असतील तेव्हा.

गाठ आवरणासकट, एकसंध निघाली पाहिजे. आवरणाचा तुकडा किंवा गाठीचा एखादा कप्पा आत राहिला तर ती परत येते. चरबी शोषून काढण्याची पद्धत छेद छोटा ठेवते, पण आवरण मागे राहतं आणि तपासणीला अख्खी गाठ मिळत नाही; म्हणून जिच्या निदानाची पक्की खात्री आहे अशाच गाठीला ती चालते. चरबी विरघळवणारी इंजेक्शनं मुळात हनुवटीखालच्या चरबीसाठी मान्य झालेली आहेत, लायपोमासाठी नाहीत.

नंतरचे त्रास ठरावीक. गाठ निघाल्यावर पोकळी उरते आणि तिथे रक्त किंवा पाणी साचू शकतं. म्हणून मोठ्या गाठीनंतर घट्ट पट्टी किंवा एक-दोन दिवस नळी ठेवतात. पहिल्याच दिवशी जखम झपाट्याने फुगली, ताणली आणि दुखायला लागली तर सकाळची वाट बघू नका, ते रक्त साचण्याचं लक्षण आहे. व्रणाभोवती थोडा बधिरपणा येतो, काही महिन्यांत बहुधा कमी होतो. टाके चेहऱ्यावर ५ ते ७ दिवसांत, डोक्यावर ७ ते १० आणि धड व हातापायांवर १० ते १४ दिवसांत काढतात.

पॅथॉलॉजीचा अहवाल मात्र आठवणीने घ्यायचा. टाके निघाले की लोक तो विसरतात आणि तो फाइलमध्ये न वाचता पडून राहतो. त्यात ‘लायपोमा’ एवढंच असेल तर फाइल बंद. ‘अॅटिपिकल’ (नेहमीसारखी नसलेली) हा शब्द किंवा ‘कडेपर्यंत पोचलेली’ असा शेरा असेल तर दुसऱ्या मतासाठी नुसता कागद नेऊन उपयोग नाही. प्रयोगशाळेत मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि त्या घेऊन सार्कोमा केंद्रात जा.